निळं पिंप, नारिंगी पट्टा

टीडीकेच्या नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं मावतात. सोडम या जर्मन हेवी मेटल बँडचा 'एजंट ऑरेंज' हा अल्बम चाळीसेक मिनिटांत आटपतो. उरलेल्या चार-पाच मिनिटांत माझ्या कॅसेटवर अण्णांच्या कंपनीचं भजनी मंडळ आहे. कँटीनमधली सत्यनारायणाची पूजा, शेवटचा गजर आणि पखवाजावर स्वतः अण्णा. त्याच्या आधीचं सगळं भजन मी पुसलं. १९९६ चा जून, दहावीच्या निकालाचे दिवस. माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती, आणि वरच्या मजल्यावरच्या दादाचा डबल-डेक फक्त त्या संध्याकाळपुरता मोकळा होता.

अण्णांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "कोरी आणायला पैसे मागायचे होतेस," एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन सेकंड शिफ्टला निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ऐरोलीतली सिडकोची बिल्डिंग, चार मजली, लिफ्ट नाही. वरचा दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. त्याचा भाऊ बोटीवर होता. तो सुट्टीवर आला की सगळ्या मजल्यांना चॉकलेटं मिळायची, दादाला मात्र कॅसेटी. मी तोवर मेटल म्हणून जे ऐकलं होतं ते मेटालिका, मेगाडेथ आणि मेडन. थोडक्यात, 'म' च्या पुढे गाडी गेलीच नव्हती. दादाने माझी ही पुंजी ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "हे चांगलंच आहे रे. पण आता जरा कामगारांचं ऐक."

कामगारांचं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं नाही. कॅसेट भरून खाली आणली आणि रात्री वॉकमनवर लावली. आमच्याकडे त्या काळात रात्री अकरानंतर रबाळ्याच्या एमआयडीसीच्या बाजूने वास यायचा. कधी सडक्या कांद्याचा, कधी नेलपॉलिशसारखा गोड. आई उठून खिडकी लावायची आणि पंखा एकने वाढवायची. त्या वासात, पंख्याच्या खटखटीत मी पहिल्यांदा 'एजंट ऑरेंज' हे गाणं ऐकलं. सहा मिनिटांचं. आधी अंगावर रेलून चालत येतं, मग एकदम सुटतं. मधे परत जड होतं, जणू ओझं उचललेल्या माणसाने खांदा बदलला. मला ते आवडलं असं नाही म्हणता येणार. मला ते ओळखीचं वाटलं.

ते का, हे सांगायला माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. मी आज महापेला एका कंपनीत कंप्रेसर आणि पंपांचा मेंटेनन्स बघतो. आता व्हायब्रेशन मोजायची यंत्रं आली आहेत, पण मला ज्या फिटरकाकांनी काम शिकवलं त्यांचं यंत्र म्हणजे लांब स्क्रू-ड्रायव्हर. टोक बेअरिंगच्या हाउसिंगला टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला. बाहेरून नुसती घरघर ऐकू येते. स्क्रू-ड्रायव्हरमधून मात्र एकेक गोळी कशी फिरते आहे, कुठली अडते आहे, ते ऐकू येतं. थ्रॅश, म्हणजे मेटलचा हा वेगवान प्रकार, ऐकताना लोक बाहेरची घरघर ऐकतात आणि कानावर हात ठेवतात. त्यांचं चूक नाही. आत शिरायला एक स्क्रू-ड्रायव्हर लागतो आणि सोळाव्या वर्षी तो आपोआप मिळतो.

या अल्बमच्या आत ऐकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे फ्रँक ब्लॅकफायरची गिटार. सोडमचं सुरुवातीचं काम, १९८५ चं 'इन द साइन ऑफ एव्हिल' वगैरे, हे खरं सांगायचं तर वाजवता न येणाऱ्या पोरांनी प्रचंड आत्मविश्वासाने वाजवलेलं आहे. ब्लॅकफायर १९८७ च्या 'पर्सेक्युशन मेनिया'पासून आला आणि या गोंगाटाला कणा मिळाला. 'एजंट ऑरेंज'वर त्याचे रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, स्वच्छ आहेत, प्रत्येक फटका वेगळा मोजता येतो. 'टायर्ड अँड रेड'मध्ये तर मधेच सगळं थांबतं आणि साधी, विजेशिवायची गिटार वाजते. पहिल्या रात्री मला वाटलं होतं की कॅसेट संपली आणि खालून भजन वर आलं.

मागे ख्रिस विचहंटरचे ड्रम्स. तो घड्याळासारखा ड्रमर कधीच नव्हता. पुढे पळतो, मग बाकीचे दोघे त्याला गाठतात, मग तो पुन्हा पळतो. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये हे कॉम्प्युटरवर सरळ करून टाकतात आणि त्याबरोबर जीवही जातो. तो २००८ मध्ये वारला, जेमतेम बेचाळीसचा होता.

आणि टॉम एंजलरिपर. बास गिटार तोच वाजवतो, गातोही तोच. गातो म्हणजे काय, रेती चाळतो. त्याचा बास कायम तळाशी असा गुरगुरत असतो की आमच्या पवन्याच्या जुन्या रेसिप्रोकेटिंग कंप्रेसरची आठवण येते. तो बंद झाला होता तेव्हा आम्हाला दोन दिवस झोप लागली नव्हती.

हा टॉम कोळशाच्या खाणीत कामाला होता. दादा 'कामगारांचं' म्हणाला ते यावरून. जर्मनीच्या पश्चिमेला रूर नावाचा कोळशाचा आणि पोलादाचा पट्टा आहे. सोडम तिथल्या गेल्झेनकिर्शेनचे, क्रिएटर हा दुसरा थ्रॅश बँड शेजारच्या एसेनचा. मधलं अंतर ऐरोलीहून ठाण्याला जावं तेवढंच. जर्मन थ्रॅशची नावं घेताना लोक क्रिएटर, सोडम, डिस्ट्रक्शन आणि चौथे म्हणून टँकार्ड असं एका दमात म्हणतात, पण डिस्ट्रक्शन थेट स्वित्झर्लंडच्या सीमेवरचे आणि टँकार्ड फ्रँकफुर्टचे. कोळशाच्या धुरातले हे दोघेच, आणि मला तो फरक कानाला जाणवतो. कदाचित मी तो जाणवून घेतो. ब्लॅकफायर 'एजंट ऑरेंज'नंतर सोडम सोडून गेला, तोही या शेजारच्या क्रिएटरमध्येच. एका कंपनीचा फिटर पगारवाढीसाठी रस्त्यापलीकडच्या कंपनीत जातो, तसा. जवळजवळ तीस वर्षांनी, २०१८ मध्ये, परत सोडममध्ये आला. अशीही माणसं आम्ही पाहिली आहेत.

तिथले खाणकामगार खाली उतरताना एकमेकांना 'ग्लुक आउफ' म्हणायचे. सुखरूप वर ये, असा त्याचा भाव. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली, रूरमध्येच, बोट्रॉपला. शेवटचा कोळशाचा गोळा कामगारांनी वर आणून देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. त्याची बातमी मी फोनवर पाहिली तेव्हा डोळ्यात पाणी आलं, आणि स्वतःचंच नवल वाटलं. अण्णांची कंपनी बंद झाली तेव्हा कोणी कोणाच्या हातात काही दिलं नव्हतं. गेटवर नोटीस होती, आणि हिशोबाचे पैसे हातात यायला अकरा वर्षं लागली. त्या जागी आज डेटा सेंटर आहे. आत कोणाचे फोटो, कोणाचे हिशोब साठवलेले असतील कोण जाणे. बाहेरून मात्र कंप्रेसरचाच आवाज येतो, थंड करायचे.

अल्बम रेकॉर्ड झाला बर्लिनमध्ये, हॅरिस जॉन्सच्या म्युझिकलॅब स्टुडिओत. क्रिएटरचा 'प्लेझर टू किल' हाही जॉन्सच्याच हातचा. 'एजंट ऑरेंज' बाजारात आला १९८९ च्या जूनमध्ये. बर्लिनची भिंत पडायला अजून पाच महिने होते. शहराच्या मधोमध भिंत, दोन्हीकडे सैन्य आणि स्टुडिओत तीन पोरं व्हिएतनामवर गाणी म्हणताहेत. हा अल्बम जर्मन चार्टमध्ये ३६ व्या नंबरापर्यंत चढला. रेडिओवर जे कोणी लावणार नाही, अशा संगीतासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

आता त्या नावाकडे येतो.

मला वाटलं होतं एजंट म्हणजे गुप्तहेर. दादा हसून हसून लोळला. मग त्याने जे सांगितलं ते नंतर कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन पडताळलं. अमेरिकी सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामवर विमानांतून तणनाशकं फवारली. जंगलात लपायला जागा राहू नये आणि शेतात खायला पीक राहू नये, हा हेतू. मोहिमेचं नाव 'रँच हँड'. रसायन यायचं ५५ गॅलनच्या, म्हणजे साधारण २०८ लिटरच्या पिंपांत, आणि कुठल्या पिंपात काय आहे ते कळायला त्यावर रंगीत पट्टा मारलेला असायचा. गुलाबी, हिरवा, जांभळा, पांढरा, निळा. नारिंगी पट्ट्याचं ते एजंट ऑरेंज. हे एकटंच चार कोटी लिटरहून जास्त ओतलं. त्यात दोन तणनाशकं निम्मी-निम्मी: टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी. यातलं दुसरं बनवताना तापमान हाताबाहेर गेलं की डायॉक्सिन तयार होतं. ते माणसाच्या चरबीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं हलत नाही. लोकांना घाई होती, माल भराभर हवा होता. बाकी तुम्हीच समजा. घाईत रिअ‍ॅक्टर तापवणं काय असतं हे मला एमआयडीसीत कोणी वेगळं शिकवायला नको.

लायब्ररीत मी अडलो ते 'टू-फोर-डी' या शब्दावर. हा शब्द मला पाठ होता. अण्णांची कंपनी शेतीची औषधं भरायची, मोठ्या पिंपांतून छोट्या बाटल्यांत, आणि त्यांच्या डब्याच्या पिशवीत कायम माहितीपत्रकं असायची. वाळव्याचा माझा मामा उसात तण फार झालं की म्हणायचा, "टू-फोर-डी मारून टाकू." आजही मारतो. दुकानात राजरोस मिळतं, आणि डायॉक्सिनची ती भानगड मुख्यतः दुसऱ्या भावाची, जो अमेरिकेतही १९८५ मध्ये पूर्ण बंद झाला. हे मला आज माहीत आहे. सोळाव्या वर्षी मला फक्त एवढंच दिसलं की ज्या नावाने माझ्या कानात रोज रात्री आरडाओरडा चालतो, त्यातलं अर्धं नाव आमच्या घरातलं आहे.

आणि घरात म्हणजे गॅलरीत. आमच्या गॅलरीत निळं पिंप होतं, दोनशे लिटरचं, पाणी साठवायला. सगळ्याच गॅलऱ्यांत होतं. पाणी सकाळी दीड तास यायचं, ते भरून ठेवायचं, आणि पिंपं कुठून यायची तर एमआयडीसीतून, स्वस्तात, कधी फुकट. अण्णांनी आणलेलं पिंप आईने सोडा टाकून तीनदा धुतलं होतं, उन्हात पालथं घातलं होतं आणि त्यावर हळदीकुंकवाचं बोटही लावलं होतं. आम्ही त्या पाण्याने आंघोळ करायचो. पहिले काही दिवस फेस यायचा. आई म्हणायची, "साबण वाचतो."

मी त्या रात्री टॉर्च घेऊन पिंपावर पट्टा शोधला. नव्हता. तळाशी खरवडलेल्या लेबलचा एक कोपरा फक्त होता. दुसऱ्या दिवशी अण्णांना विचारलं, "तुमच्याकडे पिंपांवर रंगीत पट्टे असतात का?"

"पट्टे नाहीत. त्रिकोण असतो," अण्णा म्हणाले. "लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा."

"मग तुम्ही काय करता?"

"लाल असला तर मास्क. हिरवा असला तर रुमाल."

"आणि मधले?"

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "मास्क किती आलेत त्याच्यावर आहे."

मी यावर गाणं लिहू शकलो असतो, पण मला गाणी लिहिता येत नाहीत. सोडमला येतात, तीही फार बरी नाहीत. टॉमचं इंग्रजी माझ्या दहावीच्या इंग्रजीइतकंच होतं. तरी त्या अल्बमच्या कव्हरवर एक अर्पण आहे, युद्धांत मेलेल्या सैनिकांना आणि सामान्य माणसांना, दोघांना. 'रिमेंबर द फॉलन' तेच म्हणतं, आणि त्यात वेग मुद्दाम कमी ठेवलाय. सुरुवातीला हाच बँड सैतानाची गाणी म्हणत होता. विशीच्या आतली पोरं सैतानाची गाणी म्हणतात, त्यात काही नाही. 'एजंट ऑरेंज'पर्यंत येता येता ती सैतान सोडून पिंपावरच्या लेबलाकडे वळली. मला हा बदल गिटारपेक्षाही मोठा वाटतो. व्हिएतनाम त्यांच्या डोक्यातून पुढेही गेला नाही. २००१ चा 'एम-१६' सगळाच्या सगळा त्यावर आहे.

या बँडचा प्रभाव म्हणून लोक जास्त करून जुन्या, कच्च्या सोडमबद्दल बोलतात. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांनी तो कच्चेपणा उचलला आणि त्याचा धर्म केला, हे खरंच आहे. 'एजंट ऑरेंज'ची मुलं तेवढी वेगळी उठून दिसत नाहीत. पण आपल्याकडच्या कुठल्याही पोरांनी युद्धावर, गॅसमास्कवर वेगवान गाणं बसवलं की मला त्यात हा अल्बम ऐकू येतो. सगळा अल्बम सारखा आहे असंही नाही. 'एक्झिबिशन बाउट' मी आजही पुढे ढकलतो. 'मॅजिक ड्रॅगन' मात्र सोडत नाही. ते गाणं एसी-४७ या मशीनगन लावलेल्या विमानावर आहे, सैनिकांनी लाडाने ठेवलेलं त्याचं ते नाव. लाडाचं नाव विमानाला ठेवतात, हे मला तेव्हा भयंकर वाटलं होतं. आता आमच्या प्लान्टमध्ये सगळ्यात जास्त गळणाऱ्या पंपाला आम्ही 'राणी' म्हणतो.

माझा स्वतःचा बँड? होता, आठ महिने. सरावाला ठाण्यात कळव्याच्या पुलाजवळ एकाच्या काकांचं गोदाम होतं. आमची एकमेव मैफल म्हणजे एका सोसायटीचा गणेशोत्सव, 'विविध गुणदर्शन' या सदरात, एका चिमुरडीच्या नाचानंतर. आम्ही याच अल्बममधलं 'ऑसगेबॉम्ब्ट' बसवलं होतं, कारण ते तीन मिनिटांचं आहे आणि पंकसारखं सरळ आहे. दीड मिनिटात सेक्रेटरींनी मेन स्विच बंद केला. अंधारात फक्त ड्रम्स वाजत राहिले, आणि मागून एका आजोबांचा आवाज आला, "वाजवू द्या की, विसर्जनाला याच्यापेक्षा जास्त असतं."

२०१२ मध्ये क्रिएटर बंगळुरूला आले तेव्हा मी कल्याणहून उद्यान एक्स्प्रेसने गेलो, सोडमचा टी-शर्ट घालून. क्रिएटरच्या मैफलीला सोडमचा शर्ट म्हणजे भावकीत भांडण लावण्यासारखं. गर्दीत एका अनोळखी मुलाने शर्ट पाहून मला कडकडून मिठी मारली आणि काही न बोलता परत आत घुसला. गुडघा तेव्हापासून कुरकुरतो.

दादा आता कॅनडात असतो. पिंप आईने कधीतरी भंगारवाल्याला दिलं. अण्णा पंचाहत्तर पूर्ण करून गेले, म्हणजे पुढे गेले, शहात्तराव्यात. कान थोडे गेलेत, उजवा जास्त. कंपनीत फिलिंग मशीन त्यांच्या उजव्या बाजूला असायची.

मागच्या पावसाळ्यात मी जुना डेक उघडून बेल्ट बदलायला बसलो होतो. हवा तो बेल्ट मिळाला नाही, जवळपासचा बसवला. चालतो का ते बघायला हाताला आली ती कॅसेट लावली. अण्णा पलंगावर बसून शेंगा सोलत होते. मी आवाज कमी करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं."

त्यांनी पूर्ण बाजू ऐकली. शेंगा संपल्या तरी ऐकली. बोटं मांडीवर चालू होती; पखवाज वाजवणाऱ्या माणसाची बोटं थांबत नाहीत. 'टायर्ड अँड रेड'मधल्या त्या साध्या गिटारला मान हलली. 'बॅप्टिझम ऑफ फायर'ला म्हणाले, "हा मागचा पळतोय रे. पुढच्या दोघांना धरायला लागतंय त्याला." मी म्हटलं, हो, तो तसाच होता. "पण हात आहे," अण्णा म्हणाले. "लय सुटली तरी चालते, हात सुटला की संपलं."

शेवटचं गाणं थांबलं. खर्रर्र झालं, आणि कँटीनमधला गजर मधूनच वर आला. टाळ, पंधरा-वीस घोगरे आवाज, भांडी आपटल्याचा आवाज, आणि पखवाज, चढत्या लयीत, चढता चढता भलताच सुटलेला.

अण्णा डावा कान पुढे करून ऐकत होते.

"हापण पळतोय की," ते म्हणाले.

"बेल्ट सैल बसलाय, अण्णा. स्पीड कमीजास्त होतोय."

"बेल्ट नाही रे," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी सेकंड शिफ्टची बस गेटवर उभी होती."